ऑपरेशनच्या आधीचे दोन तास

गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. नेहमीची विचारपूस न करता तिने एकदम विचारलं, "भाईजान, मेरे साथ पूना आते क्या?" पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात स्थूलतेवरच्या शस्त्रक्रियेचं माहितीसत्र होतं. वजन उतरवण्यासाठी पोटाचं जे ऑपरेशन करतात, त्याचा विचार करणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना आधी बोलावून सगळं समजावून सांगतात. प्रवेश मोफत, वेळ दोन तास. माझ्या मेहुण्यांना रजा मिळत नव्हती आणि एकटीने जायला तिला संकोच वाटत होता. म्हणून सोलापूरहून सकाळची गाडी पकडून आम्ही दोघं निघालो.

बहिणीचं वय ४६. उंची पाच फूट एक इंच, वजन १०४ किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह, दोन्ही गुडघे दुखतात आणि रात्री झोपेत श्वास अडकून ती दचकून उठते. हे सगळं तिच्या परवानगीनेच सांगतो आहे. तिला पुण्याला नेताना माझ्या मनात मात्र वेगळंच होतं. ऑपरेशन म्हणजे आळशी माणसाची पळवाट, असं माझं मत होतं. तोंडाला थोडं कुलूप लावलं आणि सकाळी चाललं तर पोट कापून घ्यायची वेळ कशाला येईल? तिला दोन तास ऐकवून, घाबरवून परत आणू, असा माझा हिशेब होता.

सभागृहात शिरल्यावर बहीण माझ्या कानाशी म्हणाली, "इथल्या खुर्च्यांना हात नाहीत." मी पाहिलं, खरंच नव्हते. रुंद, बिनहातांच्या, मजबूत खुर्च्या होत्या. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मग तिने सांगितलं, की लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेत, मुलांच्या शाळेत, कुठेही गेलं तरी तिची पहिली नजर खुर्चीवर जाते. आपण त्यात मावू का, उठताना ती अंगाबरोबर वर येईल का, याचा अंदाज ती दारातूनच घेते. सख्ख्या बहिणीची ही गोष्ट मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती.

हॉलमध्ये साठेक माणसं असतील. बायका जास्त. एक रिक्षावाले काका होते, एक बँकेतले अधिकारी, आणि आईबरोबर आलेली एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. शल्यचिकित्सकांनी सुरुवातच अशी केली, की इथे कुणी कुणाला रागावणार नाही. मग त्यांनी विचारलं, "आजवर किती जणांनी डाएट केलं आहे?" सगळ्यांचे हात वर गेले. "आणि किती जणांचं वजन उतरून पुन्हा वाढलं?" एकही हात खाली आला नाही.

याचं कारण त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या शरीराला वजन घटणं म्हणजे दुष्काळाची चाहूल वाटते. खाणं कमी झालं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा जपून वापरू लागतं. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्थूल स्त्री-पुरुषांना त्यांनी दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. वजनं उतरली. पण वर्ष उलटल्यावरही त्यांच्या रक्तातली भुकेशी संबंधित संप्रेरकं पूर्वपदावर आली नव्हती आणि भूक आधीपेक्षा जास्तच होती. म्हणजे मनाचा निग्रह कितीही असला तरी त्याची झुंज स्वतःच्याच रक्ताशी चालू असते. हे ऐकताना मी बहिणीकडे पाहायचं टाळलं.

मग आकडा आला, बीएमआयचा. हिशेब सोपा आहे. मीटरमधल्या उंचीला त्याच उंचीने गुणायचं आणि येणाऱ्या संख्येने किलोतल्या वजनाला भागायचं. बहिणीची उंची १.५५ मीटर. तिला तिनेच गुणलं की साधारण २.४ येतात. १०४ ला २.४ ने भागलं की ४३. अमेरिकेत १९९१ साली ठरलेल्या निकषांप्रमाणे हा आकडा ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत मधुमेहासारखा आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करत. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या शल्यविशारद संघटनांनी ही पट्टी खाली आणली. ३५ च्या वर असेल तर सोबत आजार असो वा नसो, आणि आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा पर्याय समोर ठेवावा, असं त्या म्हणतात. आपल्याकडच्या माणसांच्या पोटाभोवती चरबी अधिक साठते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून ही वेगळी पट्टी. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष २५ च्या पुढे आढळले होते. कुपोषणाच्या या देशात दर चौथा माणूस जादा वजनाचा निघावा, हे ऐकून मी चमकलो.

आता ऑपरेशन म्हणजे नेमकं काय करतात? दोन प्रकार मुख्य आहेत. दोन्ही पोटाला चार-पाच लहान छिद्रं पाडून दुर्बिणीतून होतात. पहिला प्रकार स्लीव्ह. जठर एखाद्या पखालीसारखं असतं. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग उभा कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, तिच्यात १०० ते १५० मिलिलिटर मावेल एवढी. कापलेल्या भागात भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होत असतं. त्यामुळे पोट लहान होतंच, भूकही मंदावते. काढलेलं जठर परत बसवता येत नाही, आणि काही जणांना पुढे छातीत जळजळ होण्याचा त्रास जडतो.

दुसरा प्रकार बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे मोठ्या दोन चमच्यांएवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडतात. उरलेलं जठर आत तसंच राहतं, पण अन्न त्यात जात नाही. आतड्यांची ही जोडणी इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी दिसते. सेझार रू या स्विस शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती रूढ केली, म्हणून तिला त्याचं नाव मिळालं. वजनासाठी बायपासची सुरुवात झाली १९६६ साली. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन या शल्यविशारदाच्या ध्यानात आलं होतं, की जखमेमुळे ज्यांच्या जठराचा काही भाग काढावा लागला, त्यांचं वजन वाढता वाढत नाही. एका आजाराच्या उपचारात दिसलेली अडचण दुसऱ्या आजाराचं औषध ठरली.

बायपासमध्ये एक नवल घडतं. बऱ्याच रुग्णांची रक्तातली साखर वजन उतरायच्या आधी, काही दिवसांतच खाली येते. अन्नाचा मार्ग बदलल्यामुळे आतड्यांतून निघणारे संदेश बदलतात, हे त्याचं एक मोठं कारण. मात्र मधुमेह कायमचा गेला असं समजू नये. काही वर्षांनी तो परत डोकावू शकतो. वजनाचंही तसंच. दोन्ही प्रकारांत वर्ष-दोन वर्षांत एकूण वजनाचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा उतरतो. म्हणजे १०४ किलोची माझी बहीण ७० ते ७८ च्या दरम्यान येईल. पुढे बेफिकिरी झाली तर त्यातलं काही परत चढतं.

इतकं झाल्यावर रिक्षावाले काका उभे राहिले. "डॉक्टर, मरतंय का कुणी यात?" सभागृह एकदम शांत झालं. डॉक्टरांनी उत्तर टाळलं नाही. अमेरिकेत सुमारे पावणेपाच हजार रुग्णांवर नजर ठेवून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या ३० दिवसांत हजारी तीन मृत्यू झाले होते आणि शंभरातल्या साधारण चौघांना गंभीर गुंतागुंत झाली होती. नंतरच्या अभ्यासांत मृत्यूचं प्रमाण आणखी कमी दिसलं आहे. धोके तीन मुख्य. जोडाच्या जागी गळती, रक्तस्राव, आणि पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. म्हणून ऑपरेशनच्या दिवशीच रुग्णाला उठवून चालायला लावतात. मग डॉक्टरांनी तराजूचं दुसरं पारडंही दाखवलं. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर स्थूल माणसांचा पाठपुरावा केला गेला. निम्म्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, निम्म्यांनी नेहमीचे उपचार घेतले होते. २००७ साली निष्कर्ष आले तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतं. काही न करण्यालाही किंमत असते, ती कुणी फॉर्मवर लिहून सही घेत नाही एवढंच.

त्यानंतर आहारतज्ज्ञ बाई बोलल्या आणि माझ्या लक्षात आलं, की खरं ऑपरेशन स्वयंपाकघराचं आहे. शस्त्रक्रियेच्या आधी साधारण दोन आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार घ्यावा लागतो. त्याने यकृत आक्रसतं आणि दुर्बिणीला आत जागा मिळते. तंबाखू, सिगारेट, मिश्री बंद. शस्त्रक्रियेनंतर आधी पातळ पदार्थ, मग घोटलेली डाळ आणि दही, मग मऊ अन्न, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, तेही वाटीभर. घास चावून चावून अगदी मऊ करायचा. पाण्याचा तांब्या ताटाशेजारी ठेवायचा नाही. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट प्यायचं. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, म्हणजे गणित किती अवघड आहे बघा. पहिले काही महिने प्रथिनांची पावडर घ्यावीच लागते. बायपास झालेल्याने गुलाबजाम किंवा शीरखुर्मा खाल्ला तर घाम, धडधड, पोटात कळ असा त्रास होऊ शकतो. जीवनसत्त्व ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या आणि ठरलेल्या वेळी रक्त तपासायचं. "बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडणारे रुग्ण दोन-तीन वर्षांनी हातापायाला मुंग्या घेऊन येतात," बाई म्हणाल्या. काही महिने केस गळतात, ते बहुधा परत येतात. सुटलेली कातडी मात्र लोंबते. पित्ताचे खडे होण्याची शक्यता वाढते. दारू लवकर चढते आणि तिची सवय लागण्याचा धोकाही वाढतो.

इथे बहिणीने हात वर केला. तिने रोज्यांबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पहिलं वर्षभर तरी नाही. तुम्हाला घोट घोट पाणी दिवसभर प्यायचं आहे. रोजा सुटल्यावर ते एकदम भरून काढता येणार नाही. नंतर रक्ततपासणी पाहून आणि औषधं बघून ठरवू." आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत आहे, हे आमच्या घरातल्या लहान पोरांनाही ठाऊक असतं. तरी घरात सगळे सहरीला उठलेले असताना आपण पडून राहायचं, हे तिला जड जाणार होतं. तिच्यामागे बसलेल्या एका ताईंनी लगेच नवरात्राचं विचारलं. उत्तर तेच, वर साबुदाण्याबद्दल सूचना: त्यात पिष्ट भरपूर, प्रथिनं नावाला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

त्या तरुण मुलीच्या आईने विचारलं, "लग्नाच्या आधी वजन उतरेल ना?" डॉक्टर आईशी न बोलता मुलीकडे वळले आणि म्हणाले, "तुला काय त्रास होतो?" मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग त्यांनी सगळ्यांनाच सांगितलं, की ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं लागतं ते यासाठीच. ज्याचं शरीर आहे त्याची इच्छा असली पाहिजे. शिवाय ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी लागते. वजन उतरलं की गर्भ राहण्याची शक्यता वाढते, तेव्हा हे घरात आधीच बोललेलं बरं.

कुणीतरी वजनाच्या इंजेक्शनांचं विचारलं. २०२५ साली ही नवी औषधं वजन उतरवण्यासाठी भारतात मिळू लागली. ती भूक कमी करतात आणि बऱ्याच जणांना त्यांचा उपयोग होतो. थांबवली की वजन पुष्कळदा परत चढतं, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. फार मोठ्या वजनाला शस्त्रक्रियेचा परिणाम अजून अधिक आणि टिकाऊ आहे, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. खर्च काही लाखांच्या घरात जातो. विमा नियामकाच्या २०१९ च्या निकषांत बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, शिवाय आधीचे सौम्य उपाय फसलेले, अशा अटी आहेत. म्हणजे डॉक्टरांची पट्टी २७.५ पर्यंत खाली आली तरी विम्याची तिथवर आलेली नाही. पॉलिसी आधी नीट वाचून घ्यावी.

शेवटी ऑपरेशन झालेल्या एका बाई व्यासपीठावर आल्या. आपला जुना पंजाबी ड्रेस त्यांनी उलगडून दाखवला आणि टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या, पण एक गोष्ट मनात ठेवली. असं सत्र रुग्णालय भरवतं आणि ऑपरेशनही तेच करतं. फसलेला रुग्ण व्यासपीठावर कधी येत नाही. म्हणून श्रोत्यांनी आपले प्रश्न घरून लिहून न्यावेत. तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? त्यातल्या किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं? माझ्यासाठी हाच प्रकार का? पाच वर्षांपूर्वीचे किती रुग्ण अजून तपासणीला येतात? सांगितलेल्या पॅकेजमध्ये अतिदक्षता विभाग आणि पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया धरली आहे का? आणि आमच्यासारखे अडीचशे किलोमीटरवरून येणारे असतील तर, रात्री दोन वाजता पोटात दुखलं तर फोन कुणाला करायचा? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागावं. त्या दिवशी कुठल्याही कागदावर सही करू नये, आगाऊ रक्कम भरू नये.

व्यासपीठावरून उतरलेल्या त्या बाईंना बहिणीने बाहेर गाठलं. टाळ्या नसताना त्या अधिक मोकळेपणाने बोलल्या. पहिल्या महिन्यात "हे कशाला केलं" असं म्हणून त्या रोज रडत होत्या. घरात इतरांसाठी बिर्याणी करायची आणि आपण चार चमचे सूप प्यायचं. सासूबाई आग्रह करायच्या, नवरा चिडायचा. सहाव्या महिन्यात त्या पहिल्यांदा जमिनीवर मांडी घालून बसल्या. "घरच्यांना घेऊन या," त्यांनी सांगितलं, "एकटीच्याने होत नाही हे."

परतीच्या गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही. मग मी तिला विचारलं, "मी तुला कधी फार लागेल असं बोललो का गं?" तिने थोडा विचार केला आणि मी तीस वर्षांपूर्वी ईदच्या जेवणावर तिच्याबद्दल केलेली चारोळी म्हणून दाखवली. चारही ओळी, एक शब्द न चुकता. मी ती केव्हाच विसरलो होतो. त्या दिवशी सगळे पोट धरून हसले होते, तीही हसली होती, एवढंच मला आठवत होतं. माझ्या कवितांची तीन-चार पुस्तकं तिच्या घरात आहेत. त्यांतली एकही ओळ तिला पाठ नसावी.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "आता राहू द्या भाईजान. पुढच्या वेळी यांना घेऊन जाते, तुम्ही मुलांकडे बघा." त्याप्रमाणे ती मेहुण्यांसह दुसऱ्यांदा जाऊन आली. रक्त, सोनोग्राफी, दुर्बिणीतून जठराची तपासणी आणि रात्रीच्या झोपेची तपासणी झाली आहे. झोपेत श्वास फार अडकतो असं निघालं, म्हणून सध्या रात्री नाकावर यंत्र लावून ती झोपते आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा सकाळी ताजी उठते. ऑपरेशनची तारीख तिने अजून घेतलेली नाही. घेईल की नाही, ते तीच ठरवील. तिच्या घरी आता जेवताना पाण्याचा तांब्या ताटाशेजारी नसतो, आणि मी गेलो की हात नसलेली एक खुर्ची बैठकीत दिसते. ती मीच नेऊन ठेवली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)